वैनगंगेचे पाणी, गोदावरीचे मुख आणि तिथली खारफुटी

वैनगंगाकाठ

विदर्भाला समुद्र नाही, म्हणून खारफुटीचा विषय निघाला की तो मुंबई-कोकणातील लोकांचा, असे गृहीत धरून आपण मोकळे होतो. हे गृहीतक तपासायला आपल्या नद्या कुठे जातात एवढे पाहिले तरी पुरे. सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा बालाघाट, गोंदिया, भंडारा करीत खाली उतरते आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत जाऊन वर्धेला मिळते. पैनगंगा त्याआधीच वर्धेत आलेली असते. या संगमापासून पुढे नदीला प्राणहिता म्हणतात आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत उतरते. प्राणहिता ही गोदावरीची सर्वांत मोठी उपनदी असून गोदावरीच्या खोऱ्याचा सुमारे एकतृतीयांश भाग तिचा आहे. म्हणजे पूर्व विदर्भातल्या शेतांवर पडलेला पाऊस, त्याने वाहून नेलेली माती आणि आपल्या गावांचे सांडपाणीसुद्धा शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर जाऊन पोचते.

धवलेश्वरमच्या बंधाऱ्याखाली गोदावरीला फाटे फुटतात आणि काकीनाड्याच्या दक्षिणेस, तिच्या मुखाशी, कोरिंगाचे खारफुटीचे जंगल उभे आहे. १९७८ पासून ते अभयारण्य असून त्याचे क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर आहे. तिवर आणि गेवा ही तिथली भरपूर आढळणारी झाडे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालात देशातील खारफुटी ४,९९२ चौरस किलोमीटर दाखवली आहे. त्यात महाराष्ट्राचा वाटा ३२४ चौरस किलोमीटरचा, तर आंध्र प्रदेशाचा ४०५ चौरस किलोमीटरचा. नदीच्या नात्याने पाहिले तर आम्हा भंडारा-गोंदियाकडच्या लोकांची खारफुटी अलिबागची नव्हे, ती कोरिंगाची.

खारफुटीची झाडे खारे पाणी सोसतात, पण ती जोमाने वाढतात ती गोड्या पाण्याची मिसळ असलेल्या ठिकाणी, आणि त्यांना पाय रोवायला जो चिखल लागतो तो बहुतांश नदीने आणलेला गाळ असतो. काकीनाड्यासमोरचे होप बेट हे गोदावरीच्याच गाळ-वाळूने तयार झालेले आहे. हे सर्व मांडण्याचे कारण असे की, नदीजोड प्रकल्पाची चर्चा आमच्याकडे गावोगावी चालू आहे आणि प्रत्येक चर्चेत 'समुद्रात वाया जाणारे पाणी' हे शब्द हमखास येतात. मुखाशी पोचणारे पाणी खरोखर वाया जाते काय, यावर इथल्या जाणकारांनी लिहावे.

खारपाण

विषय चांगला काढलात. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात येते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील जवळजवळ नऊशे गावे या पट्ट्यात आहेत. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, ते पिकाला दिले तर जमीन चोपण, म्हणजे क्षारांमुळे घट्ट, होते, म्हणून बहुतेक शेती पावसावरच. मिठाच्या पाण्यात वाढणारी झाडे जर निसर्गात आहेत, तर ती आमच्याकडे का लावता येऊ नयेत? हे मी थट्टेने विचारत नाही. गावातील एका तरुणाने मागच्या वर्षी कृषी मेळाव्यात हाच प्रश्न विचारला होता आणि व्यासपीठावरील मंडळी नुसती हसली होती.

खाडीकाठची नोकरी

खारपाण भाऊ, हसण्यासारखे त्यात काही नव्हते. मी मूळची दारव्ह्याकडची, पण नोकरीनिमित्त काही वर्षे रायगड जिल्ह्यात खाडीकाठी काढली, त्यामुळे जे पाहिले-वाचले त्यावरून सांगते.

खारफुटीला मीठ आवश्यक नसते, ते तिला सोसता येते. गोड्या पाण्यात इतर झाडांशी स्पर्धेत ती टिकत नाही आणि जिथे इतर झाडे मरतात तिथे ती टिकते, एवढाच हिशेब आहे. तो जमण्यासाठी तिने शरीरात बरीच व्यवस्था केलेली असते. कांदळ या खारफुटीच्या झाडाची मुळे पाणी आत घेतानाच बहुतेक मीठ बाहेर अडवतात. तिवर मात्र मीठ आत येऊ देते आणि पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते, म्हणून दुपारच्या उन्हात तिवराच्या पानावरून बोट फिरवले तर मिठाचे बारीक कण बोटाला लागतात. बोट जिभेला लावून मी खात्री करून घेतलेली आहे.

या व्यवस्थेचा कणा आहे भरती-ओहोटी. दिवसातून दोनदा पाणी चढते आणि उतरते, साचलेले मीठ धुतले जाते, पोषक द्रव्ये येतात, बिया पसरतात आणि ओहोटीच्या वेळी मुळांना हवा मिळते. खाडीचा चिखल इतका घट्ट आणि प्राणवायूविरहित असतो की त्यात पाय टाकला तर काळा गाळ वर येतो आणि कुजलेल्या अंड्यासारखा गंधकाचा वास सुटतो. अशा चिखलात तिवराची वीतभर उंचीची श्वसनमुळे झाडाभोवती शेकड्यांनी उभी असतात आणि त्यांच्यावरील बारीक छिद्रांतून हवा खालच्या मुळांपर्यंत जाते. तुमच्या पट्ट्यात क्षार आहेत, परंतु ते भूजलात आणि मातीच्या खालच्या थरांत आहेत. भरती नाही, ओहोटी नाही, उन्हाळ्यात जमिनीला हातभर भेगा पडतात. तिथे एखादे झाड हौसेने जगवता येईल, जंगल होणार नाही. खारपाणासाठी शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठवणे हाच मार्ग मला अजूनही शहाणपणाचा वाटतो.

जाता जाता कांदळाच्या बीजाविषयी सांगते, कारण आपल्याकडच्या कोणाला ते पाहून नवल वाटावे. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेवग्याच्या शेंगेसारखे हिरवे, लांब रोप फांदीला लोंबू लागते. ते पक्व झाले की गळते. ओहोटी असेल तर खालच्या चिखलात रुतते आणि भरती असेल तर आडवे तरंगत दूर जाते, काही दिवसांनी उभे होते आणि उथळ जागी टेकले की मुळे धरते.

नळगंगा

सगळे वाचले, माहिती मोलाची आहे. परंतु मी मोताळा तालुक्यातला शेतकरी आहे आणि माझी बाजूही मांडली जावी असे वाटते. वैनगंगेवरील गोसेखुर्द धरणापासून आमच्या नळगंगा धरणापर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरचा कालवा नेण्याच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. आमची एक पिढी या पाण्याची वाट पाहत म्हातारी झाली. उन्हाळ्यात गावात टँकर येतो तेव्हा काकीनाड्याच्या तिवराचे काय होईल, हा विचार कोणाच्या मनात येणार?

आता आकडे पाहू. या प्रकल्पात वळवायचे पाणी सुमारे १,७७२ दशलक्ष घनमीटर आहे. गोदावरी खोऱ्याचे सरासरी वार्षिक पाणी केंद्रीय जल आयोगाच्या जुन्या अंदाजानुसार ११० अब्ज घनमीटर आहे. म्हणजे दीड-दोन टक्क्यांचा मामला. तेही पावसाळ्यातले पुराचे पाणी. एवढ्याने मुखावरील जंगल वाळेल, हे मला पटत नाही.

वैनगंगाकाठ

नळगंगा भाऊ, तुमचा आकडा मला मान्य आहे आणि या एका कालव्याने कोरिंगा वाळेल असे मी म्हणणार नाही. बुलढाण्याला पाणी मिळू नये, अशीही माझी भूमिका नाही. माझा आक्षेप हिशेबाच्या पद्धतीवर आहे. प्रत्येक प्रकल्पाचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला की प्रत्येक वेळी उत्तर 'दीड-दोन टक्के' असेच येते. जायकवाडीचे तसे, श्रीरामसागरचे तसे, गोसेखुर्दचे तसे, आणि आता पोलावरमचेही तसेच. बेरीज मात्र मुखाशी होते, आणि मुखाशी बसून ती मांडणारे कोणी आपल्या बैठकांना नसते.

या बाबतीत गंगेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाल्यानंतर गंगेच्या पद्मा या फाट्याकडे उन्हाळ्यात जाणारे गोडे पाणी घटले आणि बांगलादेशातील सुंदरबनाच्या पश्चिम भागात खारटपणा वाढला. ज्या सुंदरी वृक्षावरून त्या जंगलाला नाव पडले असे मानतात, तो वृक्ष शेंड्याकडून वाळत जाण्याचा रोग तिथे मोठ्या प्रमाणावर दिसतो आणि वाढलेला खारटपणा हे त्याच्या कारणांपैकी एक मानले जाते. सुंदरी गोड्या पाण्याची मिसळ मागणारा वृक्ष आहे. तो मागे हटला की अधिक मीठ सोसणाऱ्या, बुटक्या प्रजाती पुढे येतात. दुरून पाहणाऱ्याला, किंवा उपग्रहाच्या चित्रात, जंगल हिरवेच दिसते, पण त्याची उंची आणि विविधता कमी झालेली असते. क्षेत्रफळाच्या आकड्यांवर समाधान मानणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

पुराच्या पाण्याबद्दल तुम्ही जे लिहिले, तिथे माझे मत नेमके उलट आहे. गोदावरी वर्षभरातील बहुतेक पाणी जून ते ऑक्टोबर या काळातच समुद्राला देते, आणि गाळही त्याच पुरांबरोबर जातो. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते तेव्हाच बहुतेक प्रजातींची कोवळी रोपे तग धरतात. मुखाच्या दृष्टीने पूर हाच खरा पुरवठा आहे.

संगमवासी

सिरोंच्याहून लिहितो आहे. उन्हाळ्यात आमच्या इथे येऊन कोणीही पाहावे: वरच्या धरणांमुळे गोदावरीचे पात्र कोरडे पडलेले असते आणि त्यात जे काही पाणी दिसते ते प्राणहितेचे. संगमाच्या खाली तेलंगणाने बांधलेला मेडिगड्डा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचल्यानंतर पाणी अडवणे थांबले. त्या राजकारणात मी शिरत नाही.

मला गाळाविषयी दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण वर 'गाळ' म्हणून जे लिहिले गेले त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक म्हणजे रेती. ती जड असते, नदीच्या तळाशी सरपटत जाते आणि धरण आले की तिथेच थांबते. उरलेली आपण रेतीघाटांवरून ट्रॅक्टर-टिप्परने उचलतो. दुसरी म्हणजे बारीक चिकणमाती, जी पाण्यात मिसळून लांब जाते. यवतमाळ-वर्ध्याकडची काळी माती पैनगंगा-वर्धेतून याच रूपात जाते, आणि बंगालच्या उपसागराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांत दख्खनच्या काळ्या पाषाणाची ही माती अभ्यासकांना ओळखू आलेली आहे. खारफुटीचा चिखल या बारीक मातीचा होतो, तर तिच्यापुढचे वाळूचे दांडे आणि होप बेटासारखी बेटे रेतीची होतात. बेट हे ढाल आहे. ते लाटा अंगावर घेते, म्हणून त्यामागे शांत पाण्यात चिखल बसतो आणि चिखलात झाड. रेती कमी झाली की आधी ढाल झिजते. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा धरणांमुळे झिजत असल्याचे आंध्रमधील संशोधकांनी २००४ मध्येच मांडले होते, आणि काकीनाड्याच्या उत्तरेकडील उप्पाडा गावाची समुद्राने चालवलेली धूप तर वर्तमानपत्रांत वारंवार येते. उप्पाड्याला इतरही कारणे असतील. परंतु रेतीचा लिलाव करताना आपण फक्त घाटाचे खोलीकरण आणि महसूल पाहतो, हे खरे आहे.

बोडीवाला

मी ढिवर समाजातला, आमच्या मच्छीमार संस्थेकडे गावचा मालगुजारी तलाव ठेक्याने आहे. धाग्यातील मोठ्या गोष्टींत भर घालण्याइतके माझे वाचन नाही, पण एक गोष्ट आमच्या धंद्यातील आहे. तलावात रोहू-कतल्याबरोबर आम्ही कधीकधी गोड्या पाण्यातील मोठ्या झिंग्याचे बीज सोडतो. त्याला चांगला भाव मिळतो. रोहू-कतल्याचे बीज आमच्या भागातही तयार होते, झिंग्याचे मात्र किनाऱ्याकडील केंद्रातून आणावे लागते. कारण हा झिंगा आयुष्यभर गोड्या पाण्यात राहिला तरी त्याची अंड्यातून निघालेली पिल्ले निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत. नैसर्गिक अवस्थेत मादी अंडी पोटाशी धरून नदीने खाली खाडीपर्यंत जाते, पिल्ले तिथे मोठी होतात आणि मग प्रवाहाविरुद्ध वर येतात. मधे बंधारे आले, त्यामुळे आता हा प्रवास प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून, रेल्वेने आणि जीपने होतो.

दुसरे असे की, आठवडी बाजारात सुकसी विकायला बसणाऱ्या बाईपुढे जे सुके झिंगे असतात ते समुद्राकडचे, आणि अशा झिंग्यांच्या कित्येक जातींची पिल्ले खारफुटीतच वाढतात असे आमच्या प्रशिक्षणात सांगितले होते. हे कसे होते, ते कोणी नीट सांगेल काय?

खाडीकाठची नोकरी

बोडीवाला भाऊ, तुमचा झिंग्याचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत नेमका आहे असे मला वाटते.

खारफुटीतील अन्नसाखळी गळालेल्या पानापासून सुरू होते. हिरवे पान कडवट आणि चिवट असते, ते थेट खाणारे थोडेच. पान चिखलात पडले की खेकडा ते पकडून बिळात ओढतो. ओहोटीच्या वेळी न हलता उभे राहिले तर हे अगदी समोर दिसते: आधी एक नांगी बाहेर येते, मग अर्धे अंग, मग पान देठाकडून धरून मागे-मागे सरकत खेकडा नाहीसा होतो आणि पानाचे टोक बिळाच्या तोंडाशी थोडा वेळ अडकून राहते. बिळात पानाचे तुकडे होतात, त्यांवर जीवाणू आणि बुरशी वाढते, आणि हा कुजका, पण आता सकस झालेला चुरा बारीक झिंगे, गोगलगायी व मासळीची पिल्ले खातात. शिवाय कांदळाच्या आधारमुळांच्या जाळ्यात मोठा मासा शिरू शकत नाही, त्यामुळे पिल्लांना अन्नाबरोबर आसराही मिळतो. टायगर झिंगा, चिंबोरी, जिताडा यांचे बालपण बहुधा अशाच खाड्यांत जाते. खेकड्यांच्या बिळांमुळे चिखलात हवा आणि पाणी खेळते, तेही झाडाच्या उपयोगी पडते.

एक मात्र स्पष्ट करते. आंध्रातून बर्फात घालून नागपूर-चंद्रपूरला येणारा रोहू-कतला तळ्यांत वाढवलेला असतो, त्याचा खारफुटीशी संबंध जोडू नये. उलट नव्वदच्या दशकात आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबीची तळी खोदण्यासाठी खारफुटी तोडली गेली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन डिसेंबर १९९६ मध्ये किनारी नियमन क्षेत्रातील अशा तळ्यांविरुद्ध निकाल लागला.

नळगंगा

मासळीचे पटले. परंतु खारफुटी वादळ अडवते, त्सुनामी अडवते, असे जे सरसकट छापून येते त्यात अतिशयोक्ती वाटते. झाड ते झाड. समुद्र चालून आल्यावर ते काय अडवणार?

खाडीकाठची नोकरी

तुमची शंका योग्य आहे. वाऱ्याने उठणाऱ्या नेहमीच्या लाटांची उंची शंभर मीटर रुंदीच्या खारफुटीतून जाताना १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते, असे निरनिराळ्या मोजण्यांतून दिसले आहे. जंगल किती दाट आणि मुळे कशी, यावर ते अवलंबून. चक्रीवादळाच्या वेळी फुगून येणाऱ्या पाण्याचे गणित वेगळे आहे. त्याची उंची एक किलोमीटर रुंदीच्या जंगलातून जाताना पाच ते पन्नास सेंटिमीटर एवढीच उतरते. म्हणजे चार झाडांची ओळ लावून गाव सुरक्षित झाले, असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे. रुंद, जुने आणि सलग जंगल हवे.

आणि तसे जिथे होते तिथे फरक पडला. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळानंतर केंद्रापाडा जिल्ह्यातील शेकडो गावांचा अभ्यास झाला, त्यात ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा रुंद होता तिथे मृत्यू कमी झाले असे आढळले. अभ्यासकांनी हेही नमूद केले होते की, वेळेवर दिलेल्या सूचनेने त्याहून अधिक जीव वाचले. मला हे दोन्ही एकत्र सांगणे प्रामाणिकपणाचे वाटते.

कायद्याबाबत थोडक्यात: मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यात खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये ती अंतिम निकालात कायम केली, २०१२ मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला. या सर्व गोष्टी किनाऱ्यावरील कुऱ्हाड आणि भराव थांबवतात. नदीतून येणारे पाणी आणि गाळ मात्र त्यांच्या कक्षेत येत नाही. वैनगंगाकाठ भाऊंचा मुद्दा मला तिथे पटतो.

खारपाण

या निमित्ताने नकाशा पाहिला. आमची पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. वाटेत उकाईचे धरण, आणि मुखाशी हजिऱ्याचे कारखाने. म्हणजे एकाच विदर्भाचे पाणी दोन समुद्रांना जाते. भंडाऱ्याची खारफुटी कोरिंगाला, आमची खंभातच्या आखातात.

नळगंगा

माझे मत पूर्ण बदललेले नाही. कालवा व्हावा, असेच मी म्हणेन. पण प्रकल्पाच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीत प्राणहितेखालच्या भागाचा आणि मुखाचा एकत्रित हिशेब मागायला मी तयार आहे. आमच्याकडच्या सुनावणीला मी जाईन. भंडाऱ्याकडची तुम्ही पाहा.

वैनगंगाकाठ

पाहतो. सुनावणीत निवेदन लेखी द्यावे आणि त्याची पोच घ्यावी; तोंडी बोलण्याची नोंद इतिवृत्तात येईलच असे नाही. मसुदा मी तयार करतो. संगमवासी भाऊंनी रेती आणि चिकणमातीचा फरक लिहिला आहे तो त्यात जसाच्या तसा घ्यावा असे वाटते, आणि बोडीवाला भाऊंच्या संस्थेने झिंग्याच्या मुद्द्यावर स्वतंत्र पत्र दिले तर अधिक वजन पडेल.

बोडीवाला

संस्थेच्या येत्या सभेत विषय ठेवतो. आमच्या काही पोरांना कोरिंगा प्रत्यक्ष पाहायचे आहे. कसे जावे?

संगमवासी

बल्लारशाहून विजयवाडा आणि तिथून सामलकोट. काकीनाड्यासाठी तेच जंक्शन सोयीचे. कोरिंगाच्या जंगलातून लाकडी पायवाट बांधलेली आहे, चिखलात उतरावे लागत नाही. पावसाळा आणि नोव्हेंबरचे वादळी दिवस टाळून डिसेंबर-जानेवारीत जा, आणि निघण्याआधी ओहोटीची वेळ विचारून घ्या, कारण भरतीत मुळे आणि खेकडे दोन्ही पाण्याखाली असतात.